उजवी बाजू वर

सकाळी दहाच्या ठोक्याला दुकानाचं मोठं दार उघडलं आणि दोन्ही बाजूंना रांगेत उभी असलेली नोकरमंडळी एकदम कमरेत वाकली. रोजचीच रीत. येईल तो देव. त्याचं तोंड बघायचं नाही, आधी नमस्कार.

वाकल्या जागेवरून हिसाएला फक्त पावलं दिसत. म्हाताऱ्यांच्या मऊ चपला गेल्या, काळे बूट गेले. मग वीतभर जाड तळव्यांचे चंदेरी बूट आले. त्यांच्यावर पांढरी जाळीदार झालर, आणि झालरीच्या वर निळ्या रेशमावर उडणारे करकोचे.

ते करकोचे हिसाएनेच निवडले होते. मुलगी वीस वर्षांची होऊन जाणती मानली जाईल त्या दिवशी तिला आपल्या हातांनी घालायला.

तिने मान वर केली. माहिरोच होती. दोन वर्षांपूर्वी भांडून घर सोडताना पोरीने कपाटातून तेवढा एक किमोनो नेला होता. आता तो गुडघ्याशी कापलेला होता आणि पोरीचे केस जांभळे होते. पण आईच्या काळजात चर्र झालं ते वेगळ्याच गोष्टीने. किमोनोची उजवी बाजू डावीवर आली होती. तसा तो फक्त मेलेल्या माणसाला घालतात.

"अगं बाई, हे हाराजुकूच्या फॅशनवाल्या गल्लीतलं पाखरू सकाळी सकाळी इकडे कुठे?" शेजारची नोगुची कुजबुजली. "झालर घालू की करकोचे, ठरलं नाही वाटतं!"

कामावर घरचं बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम. हिसाए पुढे झाली.

"आपला किमोनो नीट करून देऊ का? वरच्या मजल्यावर यावं लागेल."

"द्या," माहिरो म्हणाली. नजर बुटांवर.

वर गेल्यावर हिसाएने पडदा ओढला, गुडघ्यांवर बसली आणि कमरपट्टा सोडला.

"कुणी शिकवलं हे?" आता तिचा आवाज घरचा होता.

"कुणी नाही. मोबाइलमधल्या बाईकडे बघून घातला."

"समोरच्या बाईची उजवी ती आपली डावी, एवढं कळू नये? प्रेतासारखी हिंडलीस भर रस्त्यातून!"

"तरीच गाडीत एक आजी माझ्याकडे बघून हात जोडत होत्या."

हिसाएला हसू फुटलं. ते तिने दाताखाली दाबलं. डोळ्यांतलं पाणी मात्र दाबता आलं नाही. तिने डावी बाजू वर घेतली, मानेमागची पट्टी सारखी केली. तिथे बोटं जरा जास्तच रेंगाळली. पट्टा गुंडाळला, तर टोक वीतभर जास्त उरलं.

"जेवतेस का नीट?"

"जेवते."

कापलेल्या काठावरून हिसाएने एकदा हात फिरवला. तिने गाठ खेचली. अठ्ठावीस वर्षांत तिने बांधलेली गाठ कधी सुटली नव्हती. लग्नाला निघालेल्या बायका मुद्दाम तिचंच नाव सांगून येत.

"हे संध्याकाळपर्यंत सुटेल?" माहिरोने विचारलं.

"मी बांधलेलं? दिवसभर नाच, नाही सुटायचं."

"हं." माहिरो आरशात स्वतःला बघत नव्हती, आरशातल्या आईला बघत होती. "मग परत यायला नको."

हिसाएचे हात थांबले. पडद्याबाहेरून नोगुचीने तिला हाक मारली. खेचलेल्या गाठीत हिसाएने दोन बोटं घातली आणि ती सैल केली. मग आणखी थोडी.

उठून तिने पडदा सारला, दोन्ही हात पुढे जुळवले आणि कुठल्याही गिऱ्हाइकासमोर वाकावं तशी कमरेत वाकली.

"दुकान आठपर्यंत उघडं असतं," वाकल्या वाकल्याच ती म्हणाली.