डोस तक्त्याप्रमाणे

"अगं, बस की जरा. पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" सासूबाई उशीवरूनच म्हणाल्या.

सून बसली आणि लगेच उठली. सासूबाईंचा ताप चार दिवस हटत नव्हता, म्हणून आज बारा वाजता नवीन औषधाचं पहिलं इंजेक्शन होतं. वजन सकाळी अडतीस किलो भरलं होतं आणि डॉक्टर हातचं राखून बोलत होते. खाटेपासून वॉर्डाच्या दारापर्यंत सोळा पावलं, परत येताना तेवढीच. शेजारच्या खाटेवरच्या आजी तिच्या येरझाऱ्या बघून दमल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

अकराव्या फेरीला ती सिस्टरच्या टेबलाशी थांबली. टेबलामागच्या भिंतीवर ड्युट्यांची यादी होती, हात कसे धुवावेत याची चित्रं होती आणि दोन्हींच्या मध्ये, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला एक पिवळट कागद. डावीकडे वजन, उजवीकडे डोस. तिला तो वाचायची गरजच पडली नाही; तिच्याच शोधलेखातला तक्ता होता तो. तळटिपेतली चांदणी तिनेच टाकलेली होती. खाली तिचं आडनावही होतं, अर्धं चिकटपट्टीखाली गेलेलं.



उजवा रकाना एका ओळीने वर सरकला होता, म्हणजे हलक्या माणसाला जड माणसाचा डोस. चूक तिचीच, आणि पुढे ती शोधलीही तिनेच. शोधपत्रिकेच्या संपादकांना दोन ओळींच्या दुरुस्तीवर भागवायचं होतं; पण लेखाचे सगळे निष्कर्ष त्या रकान्यावर उभे होते, तेव्हा लेखच मागे घ्या म्हणून ती हटून बसली. त्याला चौदा महिने लागले. पाच सहलेखकांच्या सह्या, त्यातला एक फुगून बसलेला. अखेर दोन वर्षांपूर्वी लेखाच्या पानापानावर तिरकी लाल अक्षरं उमटली: मागे घेतला आहे. लोकांनी पाठ थोपटली, याला छाती लागते म्हणाले. तेव्हापासून तिला गाढ झोप लागायला लागली होती.

सिस्टर ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज होती.

"ही कुणाची?"

"तुमच्याच पेशंटची."

"डोस कुणी ठरवला?"

सिस्टरने फाइल उघडून तिच्यापुढे धरली. डॉक्टरांनी औषधाच्या नावापुढे दोनच शब्द लिहिले होते: डोस तक्त्याप्रमाणे.

"ते देऊ नका, सिस्टर. तक्ता चुकीचा आहे."

"पाच वर्षं लागलाय तो इथे, मॅडम."

"दोन वर्षांपूर्वी मागे घेतलाय."

"कुणी?"

"मी."

सिस्टरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "मागे घेतलाय म्हणता," ती म्हणाली, "पण न्यायला तर कुणी आलं नाही."

सुनेने मोबाइलवर लाल अक्षरांची पानं काढून दाखवली, भिंतीवरच्या चांदणीवर बोट ठेवलं, पिशवीतून आपलं ओळखपत्र काढलं. सिस्टरने तिन्ही गोष्टी नीट निरखल्या आणि फोन उचलला. बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" चाललं होतं. मग तिने सिरिंज कपाटात वेगळी ठेवून कुलूप लावलं.

"सर स्वतः येतायत. तोवर काही द्यायचं नाही म्हणाले."

सून नखाने कागदाचा कोपरा सोडवायला लागली होती. चिकटपट्टी हलत नव्हती.

"राहू द्या, मॅडम. भिंतीवरचं काही काढायचं तर मेट्रनची सही लागते."

सही म्हटल्यावर सुनेला हसू फुटलं. ते हसू ऐकून शेजारच्या आजी पुन्हा या कुशीला वळल्या. सिस्टर "सरका" म्हणाली आणि एका झटक्यात तिने तक्ता ओढून काढला. रंगाचा पापुद्राही सोबत आला.

"सही मागाहून घेते."

"सिस्टर," सुनेने आवाज खाली आणला, "या पाच वर्षांत कुणाला काही झालं?"

"म्हाताऱ्या माणसांना काही ना काही होतच असतं, मॅडम. तक्त्याला कोण विचारतंय?"

सून खाटेशी परत आली. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"काय झालं गं? टोचत नाहीत का आज?"

"थोडा उशीर होईल, आई."

"बरं झालं. आता तरी टेक."

ती टेकली. सासूबाईंचा हात हातात घेतला. तो गरम होता आणि पक्ष्यासारखा हलका होता. आज आपण नुसत्याच बसून राहिलो असतो तर, असं तिच्या मनात आलं. बाराला पाच कमी असताना सिस्टर तक्ता हातात घेऊनच खाटेपाशी आली.

"एक सांगायचं राहिलं, मॅडम. याच्या झेरॉक्स नेल्यात लोकांनी."

सून उठून उभी राहिली. "कुणी कुणी?"

"पलीकडचा पुरुषांचा वॉर्ड," सिस्टर बोटांवर मोजायला लागली. "वरचा मजला. बदली होऊन गेल्या त्या आमच्या मोठ्या सिस्टर, त्यांनी नव्या जागी नेला. कोपऱ्यावरचं नर्सिंग होम. शिकायला आलेल्या मुलींची ती एक बॅच..."

एका हाताची बोटं संपली, तेव्हा दुसरा हात मोकळा करायला तिने तक्ता खाटेवर ठेवला.