रेणूच्या वाट्याचा तांदूळ

“सहा पॉइंट आठ,” सिस्टर म्हणाली आणि हातातलं मशीन शकुनबाईच्या तोंडासमोर धरलं. “आठवा महिना लागला तुमच्या सुनेला. हे काय रक्त झालं? खायला देता का नाही तिला?”

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या बायका बोलता बोलता थांबल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “मासोळ्या तं बजारात जातेत सगळ्या. घरात उरते का, कोण पाह्यते.”

शकुनबाईनं ते ऐकलं. बाजारात मासोळी विकणाऱ्या बाईला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. पण आज तिचं लक्ष सुनेकडे होतं. रेणू सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. बोटावरचा कापूस तिनं लहान लेकरासारखा घट्ट दाबून धरला होता. ओठ पांढरे पडले होते.

मागच्या वर्षी रेणूचं बाळ सातव्या महिन्यातच गेलं. तेव्हापासून शकुनबाई तिला पाण्याचा गुंड उचलू देत नव्हती. भांडी नाही, लाकडं नाही. मुलगा कुलदीप तलावावरून आला की पहिला मासा सुनेच्या ताटात.

“माय काही कमी करत नाही जी, सिस्टर,” रेणू म्हणाली. “मलेच पचत नाही.”

“लोहाच्या गोळ्या खातेस?”

“खाते. अर्ध्या घंट्यात उलटून पडते.”

“आणि भात? तांदूळ कोणता आहे घरी?”

“रेशनचा. आमाले वावर कुठं आहे?” शकुनबाई म्हणाली. “पण हिले तसा नाही देत मी. दोन दोन घंटे निवडतो आमी दोघी, आजी-नातीन.”

तेवढ्यात गुड्डी पुढं आली. रेणूची लेक, सहावीतली. शाळेत जायच्या आधी आईसोबत आली होती. आजीला रागावलेलं तिला सहन झालं नव्हतं.

“सिस्टर, रेशनच्या तांदळात प्लास्टिक येते,” ती म्हणाली. “आईच्या तांदळातलं आम्ही सगळं काढतो. हे पाहा.”

तिनं दप्तरातून एक बाटली काढली. बाटली दाण्यांनी अर्धी भरली होती. वरून वहीचा कागद चिकटवलेला, आणि त्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं: ‘मिश्रणातून वेगळा केलेला नको असलेला पदार्थ’.

“शनिवारी वर्गात दाखवायची आहे,” गुड्डी घाईघाईनं सांगू लागली. “आम्हाला धडा आहे ना, मिश्रण वेगळं करायचा. मी सगळ्या पद्धती केल्या. चाळून नाही होत, कारण दोन्ही दाणे एकाच मापाचे. पाखडूनही नाही उडत. पाण्यात टाकले की काही वर येतात, ते काढून घ्यायचे. बाकीचे हातानं वेचायचे. आजी तं न पाहताही ओळखते.”

ते खरं होतं. शकुनबाईनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी केली होती, धान कापलं होतं, उखळात सडलं होतं. जो दाणा कधी लोंबीत भरलाच नाही, तो तिच्या बोटांना लगेच कळायचा. दिवाळीनंतर रेशनच्या तांदळात असे दाणे लागले, तेव्हा गावात मोबाइलवर प्लास्टिकच्या तांदळाचा व्हिडिओही फिरत होता. पण शकुनबाईला व्हिडिओची गरज नव्हती. हा दाणा शेतातला नाही, हे तिनं आधीच सांगितलं होतं.

सिस्टरनं बाटलीचं झाकण उघडलं. एक दाणा तळहातावर घेतला, नखानं दाबला. त्याचं पीठ झालं. बोलली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

“हे प्लास्टिक नाही, आजी. तांदळाच्याच पिठात लोह मिसळतात आणि मशीनवर त्याचा दाणा पाडतात. शंभर दाण्यांत एक टाकतात. लोकांचं रक्त वाढावं म्हणून. पोत्यावर लिहिलेलं असतं.”

पोतं दुकानातच राहायचं. शकुनबाई तांदूळ आपल्या थैलीत आणायची.

गुड्डीनं आधी सिस्टरकडे पाहिलं, मग आईच्या पांढऱ्या ओठांकडे. तिनं बाटली ओढून घेतली आणि वरचा कागद नखानं खरडायला लागली. तो नीट चिकटवलेला होता. निघत नव्हता. रेणूनं तिला जवळ घेतलं, तिचं डोकं पोटाशी धरलं. “तुह्यी काही चूक नाही, बाई,” ती एवढंच म्हणाली.

“आजच भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या हिला. रक्त चढवावं लागेल,” सिस्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाली. “आणि घरात सगळेच असा निवडून खाता का? बाकीच्यांचंही रक्त पाहावं लागेल.”

“नाही जी,” शकुनबाई म्हणाली. “वीस किलो कोण निवडन? आमी तसाच शिजवतो. आमच्या पोटात गेलं प्लास्टिक तं गेलं. हिचा भाताचा गंज अलग, हिचा डबा अलग. हिच्या ताटात एक दाणा जाऊ नाही दिला मी. एक बी नाही.”

सिस्टरनं म्हातारीचा हात ओढून घेतला आणि बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला. तिनं तो मोठ्यानं वाचला नाही. वाचायची गरज नव्हती, गुड्डीला आकडे येत होते.

“बारा पॉइंट दोन,” गुड्डी म्हणाली.

सिस्टरनं कापूस पुढं केला. शकुनबाईनं तो घेतला नाही. बोटावर लाल थेंब मोठा होत होता. तिनं हात तसाच पुढं धरला.

“माह्यातलं काढून हिले देता येते का, बाई?”