शेजारच्या बाकावर अमा

"मिस, माझ्या अमाला या वर्गातून काढता येईल का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून इत्झेलनं विचारून टाकलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या कॉलेजात संध्याकाळी लेखनाचा वर्ग, आणि शेजारच्या बाकावर स्वतःची आई! भर वर्गात सगळ्यांना मक्याच्या पानात उकडलेले घरचे तमालेस वाटायची, वर "इत्झेल, पाठ ताठ!" असं ओरडायची.

मिस ओरोस्को खो खो हसत सुटल्या. "कमाल आहे बाई तुम्हा मायलेकींची! काल तुझी अमा विचारून गेली, मुलीला दुसऱ्या वर्गात टाकता येईल का म्हणून."

"मला? मी काय केलं?"

"म्हणाली, 'पोरगी शेजारी बसल्यावर, माझ्या पंधराव्या वाढदिवसाला मी कोणाबरोबर नाचले ते कसं लिहू, मिस?' बिचारी दर वेळी त्या वाढदिवसाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये लावलेल्या फुलांचंच वर्णन करून उठते."



घरात पाऊल टाकताच इत्झेलनं आईवडिलांसमोर जाहीर केलं, "अमा, मी आता शनिवारच्या वर्गाला जाणार, तू बिनधास्त लिही. आणि अपा, तिच्या वर्गाच्या दिवशी तव्यावर तोर्तिया तुम्ही भाजायच्या, पण आज काय लिहिलंस म्हणून तिला अजिबात विचारायचं नाही!"