दुपारची फर्माईश

"सोमवारपासून फर्माईश बंद," रेडिओ स्टेशनचे मालक गुणवंतराव म्हणाले. "गाणे आता नागपूरवरून कम्प्युटरच लावन."

लियाकतनं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. चंद्रपुरात सागवान एफएम सुरू झालं तेव्हापासून दुपारची फर्माईश त्याचीच. काय दिवस होते ते! पानठेल्यावर, ऊर्जानगरच्या बसमध्ये, साडीच्या दुकानात, जिकडेतिकडे त्याचाच आवाज. फोन इतके की पाणी प्यायची फुरसत नसे. आणि प्रत्येकाला आधी बजावावं लागे, "रेडिओ हळू करा, शिट्टी वाजून राह्यली." मग खिशाखिशातल्या मोबाइलवर गाणी आली आणि फोन आटले.

राहिली एक ठमाबाई. तिकडं दूर, धानोऱ्याजवळच्या खेड्यातून तिचा फोन रोज दुपारी हमखास. आपला आवाज पार धानोऱ्यापर्यंत जातो, हे लियाकत भेटेल त्याला ऐकवी.

"कोणतं गाणं लावू, बाई?"

"तुमच्या मनात असन थे लावा, भाऊ. जेवले का?"

बिचारी! घरात एकटीच असणार, नाहीतर रेडिओवाल्याच्या जेवणाची चौकशी कोण करतं? लियाकतला तिची फार कीव येई. बायको, सुरय्या, गेल्यापासून त्यालाही घर खायला उठायचं. एकटेपण काय असतं ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"साहेब, ठमाबाईचं कसं होईन?" त्यानं विचारलं.

"एका बाईसाठी टेशन चालवू का मी?" गुणवंतराव चिडले.

फोनवर सांगणं लियाकतच्या जिवावर आलं. रविवारी त्यानं बाजारातून एक छोटा रेडिओ घेतला आणि धानोऱ्याची बस धरली. बाईला काय सांगायचं, कसं सांगायचं, हेच तो वाटभर घोकत होता.

विचारत विचारत घर सापडलं. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. दोन सुना, पोरांचा कल्ला, ओसरीवर पाहुणे. त्यानं हाक दिली, तसा आवाज ओळखून ठमाबाई लगबगीनं बाहेर आली.

"अगो, रेडिओवाले भाऊ आले! पाणी आणा वो!"

लियाकत गोंधळला. तरी त्यानं रेडिओ तिच्या हातात दिला. "बाई, माझी फर्माईश बंद झाली. उद्यापासून फोन लावू नका. तुम्हाला करमणार नाही, म्हणून हा आणला, उशाशी ठेवायला; गाणी तर लागतच राहतील."

ठमाबाईनं रेडिओ उलटापालटा करून पाहिला.

"याचं काय करू, भाऊ? तुमचं टेशन इथी कधी लागलंच नाई."

"मग रोज फोन काऊन करत होत्या?"

ती अवघडली. सुनांकडं पाहून तिनं पदर सावरला.

"एक डाव जावयाले फोन लावताना चुकून तुम्हाले लागला. मी ठेवून राह्यली होती, तं तुम्हीच म्हणले, 'ठेवू नका ना बाई, सकाळपासून माझ्याशी कोणी बोललं नाई.'"