भात्याचे बैल

बैल हलेनात.

भिंतीच्या आत चर्च साहेबलोकांनी भरलं होतं. पाद्रीसाहेबांची मेमसाहेब मोठ्या बाजापुढे बसली होती, बोटं पट्ट्यांवर टेकली होती आणि बाजा ढिम्म होता. भिंतीच्या बाहेर देवीदास माळी ओठ घट्ट मिटून आपल्या जोडीकडे बघत होता. त्याने शेपट्या पिरगाळल्या. पाठी थोपटल्या. हौशा आणि खैऱ्या निवांत रवंथ करत उभे राहिले.

त्यांचं तरी काय चुकलं? जन्मभर ते मळ्यातल्या मोटेला चालले होते, आणि मोट म्हटली की गाणं आलंच. देवीदासने सूर लावला की ते विहिरीच्या धावेवरून उताराला लागायचे. गाणं थांबलं की तेही थांबायचे. बिनगाण्याचं काम त्या दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या साली वऱ्हाडाला कापसाने झपाटलं होतं. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि अमरावती-अकोल्याच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लोक वांगी खायची विसरले नाहीत, लावायची मात्र साफ विसरले. देवीदास जो मळा कसायचा, तोही मालकाने कापसाखाली घेतला. मोट बंद पडली. गाडीला जुंपायला ही जोडी म्हातारी. आता राहिला बाजार, आणि बाजारात म्हातारे बैल कोण घेतो ते देवीदासला ठाऊक होतं. त्या विचाराने त्याला घास जात नव्हता.

तेवढ्यात हा बाजा आला. विलायतेहून तुकड्यातुकड्यांनी, शेवटी बैलगाड्यांवर लादून. माणसाहून उंच नळ्या, आणि त्यांच्या मागे खोलीएवढा कातडी भाता. दोर ओढला की भाता हवेने फुगायचा. मग त्याच्यावरच्या वजनांनी तो सावकाश खाली बसायचा आणि ती हवा नळ्यांमधून सूर होऊन बाहेर पडायची. दोर ओढायला दांडगे गडी हवेत, आणि गावातले झाडून सगळे गडी कापसाच्या गाठी बांधायला गेलेले. शेवटी पाद्रीसाहेबांनी भिंतीला भोक पाडून दोर बाहेर काढला, चाकावरून घेतला, मोटेसारखी उतरती धाव करून घेतली आणि देवीदासला बोलावलं.

देवीदासला तर घरी आल्यासारखं वाटलं. मोटेच्या कातड्याला चोळायचा तसं त्याने भात्याला करडईचं तेल चोळलं, उसवलेल्या शिवणीला टाके घातले. आत मेमसाहेब नळ्यांच्या तोंडात उडून बसलेला कापूस पिसाने काढायची. आठवडाभर तालीम चालली. बाहेर मोटेचं गाणं, आत बाजा. बैल खूश, देवीदास खूश.

मग शनिवारी पाद्रीसाहेब आले. माणूस भला, मराठी पुस्तकातून शिकलेला.

"देवीदास, उद्या पहिली उपासना आहे. तुझा आवाज मला ऐकू येता कामा नये. हे जमले तर काम तुझे. नाहीतर मला अकोल्याहून माणसे आणावी लागतील."

देवीदासने जमेल म्हणून शब्द दिला. गरजवंत दुसरं काय म्हणणार?

आता तोच शब्द पाळत तो भिंतीबाहेर उभा होता. तेवढ्यात त्याची बायको, तानुबाई, कडब्याची पेंढी घेऊन आली.

"काहून उभे हायेत हे?"

"मुक्यानंच चालवाचे हायेत," देवीदास तिच्या कानाशी कुजबुजला. "सायेबाले शब्द देल्ला म्या."

"मंग उद्या याईले बाजारात नेता का?"

देवीदासच्या डोळ्यांत पाणी आलं. तानुबाईने ते पाहिलं. तिने पेंढी खाली टाकली आणि पदर खोचला.

"शब्द तुमी देल्ला. म्या नाई देल्ला."

आणि तिने खणखणीत सूर लावला:

"चाल माह्या हौशा, चाल माह्या खैऱ्या,
वांगे तहानले, भरू दे रे सऱ्या…"

बैलांनी कान टवकारले. चाक करकरलं, दोर ताणला, भाता फुगला, आणि आत बाजा असा काही गरजला की खिडक्यांची तावदानं थरथरली. मेमसाहेबचं ठरलेलं स्तोत्र राहिलं बाजूला. आठवडाभर कानावर पडलेली मोटेची चाल तिच्या बोटांतून आपसूक निघाली. साहेबलोकांना वाटलं, काहीतरी नवं स्तोत्र आहे. ते भक्तिभावाने उठून उभे राहिले.

पाद्रीसाहेबांनी मात्र बाईचा आवाज ऐकला होता. ते मागच्या दाराने तरातरा बाहेर आले. त्यांना बघताच तानुबाईने तोंडावर पदर धरला. गाणं तुटलं. देवीदासने डोळे मिटून घेतले. आता बैल थांबणार, बाजा थांबणार, आणि आपलं कामही गेलं.

बैल उताराच्या टोकाशी पोचले. मागे सरत वर आले. आणि पुन्हा झोकात उताराला लागले.

पाद्रीसाहेबांनी देवीदासकडे पाहिलं. तोंड बंद. तानुबाईकडे पाहिलं. तेही बंद.

"मग हे बैल कोणाच्या गाण्यावर चालले आहेत?"

देवीदासने डोळे उघडले. कान दिला. हळूहळू त्याचा चेहरा उजळला, आणि त्याने भिंतीकडे बोट केलं.

"बाजाच्या, सायेब. त्याले तं तुमी मनाई केली नाई."

पाद्रीसाहेब भिंतीला कान लावून उभे राहिले. बाजा गात होता म्हणून बैल चालत होते, आणि बैल चालत होते म्हणून बाजा गात होता. त्यांना हसू आवरेना.

"पण भाता रिकामा असताना बाजा सुरुवात कशी करणार?" ते म्हणाले. "दर रविवारी पहिली ओळ कोणीतरी गायलाच हवी."

तानुबाईने तोंडावरचा पदर काढला.