चौथा रकाना

एक्क्याऐंशी. श्रुतिकाने आकडा वहीत लिहिला आणि फुंकर मारून बोटं गरम केली. पहाटेचे पावणेसहा झाले होते. जानेवारीची थंडी, खिडकी सताड उघडी, कॉम्प्युटरचा डबा चौकटीला टेकवलेला, आणि ही पोरगी स्वेटरवर शाल, शालीवर चादर गुंडाळून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे टक लावून बसलेली. आकडा प्रोसेसरच्या तापमानाचा होता. पंच्याण्णवच्या वर गेला की मशीन आपोआप बंद पडणार. बंद पडलं की ते कुशलचं.

कुशल तिचा मोठा भाऊ. इंदोरला शिकत होता आणि रविवारी येऊन कॉम्प्युटर घेऊन जाणार होता. श्रुतिका फोनवर रडली नाही, पोटभर भांडली. शेवटी त्याने हसत पैज लावली, की तीन पॉइंट सहा गिगाहर्ट्झचा प्रोसेसर चार पॉइंट दोनवर पळवून दाखव, पूर्ण ताण देऊन, सलग एक तास. टिकला तर कॉम्प्युटर तुझा. त्याला वाटलं, सेटिंग उघडूनच हिची घाबरगुंडी उडेल. ती तीन आठवडे पहाटे चारला उठत होती. वेग थोडा वाढवायचा, व्होल्टेज थोडं वाढवायचं, दर पाच मिनिटांनी तापमान लिहायचं. मशीन कोसळलं की एक पायरी मागे, पुन्हा पुढे. घरच्यांना वाटे, अकरावीचा अभ्यास जोरात चाललाय. बाबा तर राइस मिलमध्ये चारचौघांना सांगत सुटले होते.

सहा वाजले. तास भरला. चार पॉइंट दोन, ब्याऐंशी डिग्री. तिने पडद्याचा फोटो काढला, फोनवर कुशलचं नाव उघडलं, तेवढ्यात मागे चपला वाजल्या.

तिचे बाबा हेमराज रात्रपाळी करून आले होते. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमधला बॉयलर ते बारा वर्षं सांभाळत होते. त्यांनी उघडी खिडकी पाहिली, लेकीचं लालभडक नाक पाहिलं आणि अभ्यासाची वही उचलली. वेळ, वेग, तापमान. पान उलटलं. वेळ, वेग, तापमान. श्रुतिकाने एका दमात सगळं सांगून टाकलं, अगदी पैजेपासून. हेमराज रागावले नाहीत. मिलचं रजिस्टर तपासावं तसे आकड्यांवरून बोट फिरवत खाली खाली गेले.

"एक रकाना सुटला नं तुया," ते म्हणाले. "खोलीचं तापमान काहून नाही लिवलं?"

श्रुतिकाने उघड्या खिडकीकडे पाहिलं.

"मे मदी हा वारा कोठून आनशीन?"

तिचा अंगठा अजून फोटोवरच होता. पैजेत खिडकीचा विषय नव्हता. कुशलने विचारलंही नसतं. एकदा दाबलं की कॉम्प्युटर तिचा.

तिने फोटो पुसून टाकला.

मग डबा बाबांनी उचलला, पडदा तिने, आणि वरात निघाली स्वयंपाकघरात. तिथे अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटली होती. चुलीपासून चार हातांवर पाटावर कॉम्प्युटर मांडला गेला, तेव्हा तिची आई मैनाबाई फुंकणी हातात धरून बघतच राहिल्या. आता यालेबी पानी तापवाले ठेवता का, असं त्यांनी विचारून घेतलं. बापलेकीला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

श्रुतिकाने पट्टी लावून चौथा रकाना आखला. खोली, बाबांच्या मिलच्या थर्मामीटरवर, एकतीस. वेग, चार पॉइंट दोन. बटण दाबलं. ब्याऐंशी तिसऱ्याच मिनिटाला मागे पडलं. सातव्या मिनिटाला नव्वद. हेमराज पेन घेऊन पाटाशेजारी उकिडवे बसले होते. अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"गेलं का?" मैनाबाईंनी विचारलं.

"हौ," श्रुतिका म्हणाली. साठ मिनिटांच्या ओळीखाली तिने अकरा लिहिलं, वेग होता तेवढाच ठेवला, मशीन कमी तापावं म्हणून व्होल्टेज एक पायरी खाली घेतलं आणि आईला चुलीत आणखी दोन लाकडं सारायला सांगितली.