मी नसलो तर

“नफा होऊनही हातात रोकड नसते, असं कधी होतं?” नवऱ्याने विचारलं.

ती भांडी विसळत होती. “उधारी थकली की.”

“आणि?”

“माल नको तेवढा भरून ठेवला की. आता जेवायला बसा.”

“दुसरं कारण लगेच आठवायला हवं,” तो म्हणाला आणि पाटावरून उठून त्याने स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं.

दोघांचं फोटोंच्या फ्रेमा बनवायचं दुकान होतं. तो काच कापायचा, पट्ट्या जोडायचा. ती काच पुसायची, कागदात गुंडाळून द्यायची आणि गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलायची. मूलबाळ नव्हतं. व्यवहार सगळा त्याच्याकडे. बँकेचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही तिला माहीत नव्हतं.

मग एक दिवस त्याने तिला न विचारता कम्युनिटी कॉलेजात तिचं नाव घातलं. व्यवसाय, उद्योजकता आणि घरच्या पैशाचं नियोजन, असा वर्षभराचा अभ्यासक्रम.

“या वयात मी पाटी घेऊन बसू?” ती हसली.

“उद्या मी नसलो तर?” तो म्हणाला. काचेवरची नजर त्याने वर उचलली नाही.

वर्गात तिच्या निम्म्या वयाच्या मुली होत्या. त्यांना पार्लर काढायचं होतं. एक निवृत्त पहारेकरी होता, त्याला कशाचं दुकान काढायचं हेच ठरवता येत नव्हतं. शिकवणाऱ्या बाई भरभर बोलत. भांडवल, घसारा, विमा हे शब्द तिच्या डोक्यावरून जात. पहिल्या चाचणीत ती सपशेल नापास झाली.

तो रागावला नाही. टीव्ही बंद केला आणि म्हणाला, “पुन्हा पहिल्यापासून.”

तो तिला एकटीला बँकेत धाडायचा आणि स्वतः समोरच्या फुटपाथवर उभा राहायचा. काचवाल्याचा फोन आला की तिच्या हातात द्यायचा. भाव तिने ठरवायचा, चुकला तर तिनेच निस्तरायचं. पुढे त्याने दुकान तिच्या नावावर केलं. सही करताना तिने दोनदा त्याच्याकडे पाहिलं.

कारण तोवर तिच्या लक्षात येऊ लागलं होतं. तो वाळत चालला होता. कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. गोड सुटलं, तळलेलं सुटलं. दर मंगळवारी दुपारी तो दुकान तिच्यावर सोपवून बाहेर पडायचा आणि फोन बंद ठेवायचा. कुठे गेला होता विचारलं तर “एक काम होतं,” एवढंच.

एकदा तो फोटो काढून आला.

“कशाला?” तिने विचारलं.

“असू दे एक नीटसा.”

तिला दुकानातली गिऱ्हाइकं आठवली. घरातलं कुणी गेलं की माणसं यायची, सहलीतल्या घोळक्यातला एखादा धूसर चेहरा दाखवायची आणि म्हणायची, एखादा नीट फोटो असता तर बरं झालं असतं.

तिने पुढे विचारलं नाही. त्याला सांगवत नसेल तर खोदून छळायचं कशाला? कॉलेजच्या नळावर तोंड धुताना मात्र तिला हुंदका आवरला नाही. बाईंनी पाहिलं.

“आमचे हे आता फार दिवसांचे सोबती नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून मला तयार करतायत.”

बाईंनी नळ बंद केला. “मग मन लावून शिका,” त्या म्हणाल्या. “जाताना त्यांच्या जिवाला घोर नको.”

ती शिकली. पहाटे उठून शिकली. बिनतेलाची भाजी ढवळत घसारा पाठ केला. विम्याच्या धड्यात ‘पश्चात’ हा शब्द आला की पुस्तक उलटं ठेवायची, डोळे पुसायची आणि पुन्हा उघडायची. त्याला डोळे भरून पाहायचं सोडून ती पुस्तकात डोकं घालत होती, कारण त्याला तेच हवं होतं.

शेवटच्या परीक्षेत तिने आपल्याच दुकानाचा आराखडा वर्गापुढे मांडला. आवाज एकदाही अडखळला नाही. ती पहिली आली. तो मागच्या रांगेत बसला होता आणि रुमालाने डोळे टिपत होता.

घरी आल्यावर त्याने दुकानाच्या किल्ल्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. “आता तुझं कुणावाचून अडणार नाही.”

आता तरी लपवाछपवी पुरे, असं तिला वाटलं. तिने त्याचा हात घट्ट धरला.

“मला सगळं कळलंय. वर्षभर कळतंय. किती दिवस दिलेत डॉक्टरांनी, तेवढं सांगा. मी रडणार नाही.”

“कसले डॉक्टर?”

“मंगळवारी जायचात ते.”

त्याने हात सोडवून घेतला. खाटेखालून एक बॅग ओढली. भरलेली होती.

बाहेर गाडी थांबली. दार लोटून एक चिमुरडी उंबऱ्यात उभी राहिली, तिच्याकडे न बघता त्याला म्हणाली, “बाबा, चला ना. आई गाडीत वाट बघतेय.”